मर्सेन संख्या म६७

म६७ म्हणजे २ चा ६७ वा घात वजा १, अर्थात १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही २१ अंकी संयुक्त संख्या. तिला मूळ अवयव दोनच: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. द्विमान पद्धतीत लिहिली तर ती सलग ६७ एकांची होते. बुद्धिबळाच्या पटावर घरागणिक दाणे दुप्पट करत जायचे, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पट ६४ ऐवजी ६७ घरांचा असता, तर दाण्यांची एकूण बेरीज नेमकी एवढी भरली असती.

फ्रेंच धर्मोपदेशक मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये असे सांगितले की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ यांनाच २ चा घात वजा १ ही मूळ संख्या मिळते. २ चा घात वजा १ अशा संख्यांना त्यांच्यावरूनच मर्सेन संख्या म्हणतात. यादीतले ६७ आणि २५७ चुकीचे निघाले. ६१, ८९ आणि १०७ हे राहून गेले होते. पण हे पक्के ठरायला तीनशे वर्षे लागली.

६७ बद्दलचा दावा १८७६ मध्ये फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी खोडून काढला, आणि तोही एकही अवयव न शोधता. त्यांच्या पद्धतीला अमेरिकन गणिती डेरिक लेमर यांनी पुढे दिलेले सुटसुटीत रूप असे: ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, म६७ ने भागून बाकी ठेवा, त्या बाकीवर पुन्हा हेच करा. अशा ६५ फेऱ्यांनंतर बाकी शून्य उरली तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. इथे शून्य उरत नाही. संख्या फुटते हे सिद्ध झाले, पण कुठे फुटते याचा मागमूस या उत्तरात नसतो. म६७ चे खरे महत्त्व या दोन प्रश्नांमधल्या दरीत आहे, असे म्हणायला हवे.

अवयव शोधायला थोडा आधार मिळतो. म६७ चा कोणताही मूळ अवयव १३४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो आणि त्याला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ उरते. लहान अवयव १३४ च्या १४,४५,५८० पटीपेक्षा १ ने मोठा आहे. या दोन्ही चाळण्या लावूनही तिथवर पोहोचेपर्यंत सात लाखांहून अधिक उमेदवार उरतात, आणि सगळी आकडेमोड हाताने करायची!

अमेरिकन गणिती फ्रँक नेल्सन कोल यांनी वर्गशेषांच्या (वर्गसंख्यांना भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांच्या) आधारे ही यादी आणखी आटोक्यात आणली आणि ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत दोन्ही अवयव मांडले. त्यांनी फळ्यावर एकीकडे २ चा ६७ वा घात काढून १ वजा केला, दुसरीकडे दोन अवयवांचा गुणाकार केला आणि एक शब्दही न बोलता ते जागेवर जाऊन बसले, असे गणिती व लेखक ई. टी. बेल यांनी अनेक दशकांनंतर लिहिले. या कामाला ‘तीन वर्षांचे रविवार’ लागले, हे कोल यांचे उत्तरही बेल यांच्याच आठवणीतले. त्यामुळे हा प्रसंग आख्यायिका म्हणूनच वाचावा. गुणाकार मात्र कोणीही पडताळून पाहू शकतो.

म६७ चा आणखी एक गुण फसवा आहे. मूळ संख्या ओळखण्यासाठी फेर्माची जी सोपी कसोटी वापरतात, तिच्यात पाया २ घेतला, म्हणजे २ चा ‘संख्या वजा १’ इतका घात करून त्या संख्येने भागल्यावर बाकी १ उरते का हे पाहिले, तर ही संयुक्त संख्या बेमालूम उत्तीर्ण होते. कारण २ च्या ६७ व्या घाताला म६७ ने भागल्यास बाकी १ उरते, आणि म६७ मधून १ वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येला ६७ ने नि:शेष भाग जातो. घातांक मूळ असलेल्या प्रत्येक संयुक्त मर्सेन संख्येचे हेच आहे.

आजच्या संगणकाला म६७ फोडायला क्षणही लागत नाही, पण ती दरी कायम आहे. संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि वेगाने ठरवणारी पद्धत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. नेहमीच्या संगणकावर अवयव पाडण्याची तितकी वेगवान रीत मात्र आजवर सापडलेली नाही, आणि १९७७ मधली आरएसए ही सांकेतिक पद्धत त्याच अडचणीवर उभी आहे.