फाइलचं नुसतं आडनाव बदलून आवाज येत नाही

डीव्हीडीवर चित्र दिसतंय पण आवाज गायब, अशी तक्रार आली की ठरलेला सल्ला मिळतो: ‘फॉरमॅट बदला.’ नेमकं काय बदलायचं, हे कुणी सांगत नाही. मग लोक एमपी४ची एव्हीआय करतात, एव्हीआयची एमपीजी करतात, आणि लग्नाची डीव्हीडी मुकी ती मुकीच राहते. कारण कंटेनर आणि कोडेक ही एकच गोष्ट आहे असं बहुतेकांनी धरलेलं असतं.

कंटेनर म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र ठेवणारा डबा. फाइलच्या नावाला शेवटी लागतं ते एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही या डब्याची नावं. त्यावर जास्त बोलायला नको.

कोडेक म्हणजे आतला मजकूर ज्या पद्धतीने दाबून भरलाय ती पद्धत. चित्राचा कोडेक वेगळा, आवाजाचा वेगळा. म्हणूनच एक चालतं आणि दुसरं अडतं. मोबाइलच्या एमपी४मध्ये आवाजाचा कोडेक बहुधा एएसी असतो. एमकेव्हीमध्ये एएसी, एसी-३, डीटीएस, आवाजाचा कुठलाही कोडेक सापडेल. डब्यावर ‘साखर’ लिहिलं म्हणून आतलं मीठ गोड होत नाही.

डीव्हीडी-व्हिडिओचे नियम मात्र कडक आहेत. आवाज एसी-३ (तेच डॉल्बी डिजिटल), एलपीसीएम (न दाबलेला आवाज) किंवा एमपी२ हवा, डीटीएस ऐच्छिक. एएसी त्या यादीत नाहीच. डीव्हीडी १९९६ साली जपानमध्ये विक्रीला आली आणि एएसीचं मानक ठरलं १९९७ मध्ये. टीव्हीखालच्या जुन्या प्लेअरला ते समजावं, ही अपेक्षाच चुकीची.

खरी फसगत होते ती इथे. बरेच कन्व्हर्टर आतलं काही न बदलता फक्त कंटेनर बदलतात. दोन तासांची फाइल अर्ध्या मिनिटात ‘कन्व्हर्ट’ झाली, तर आवाज होता तसाच एएसी आहे असं समजा. उलट काही जुने कन्व्हर्टर, आवाज उलगडता आला नाही तर, तो काही न सांगता गाळून टाकतात. लक्षण एकच, पण उपाय वेगळे. त्यामुळे डिस्क बर्न करण्याआधी, म्हणजे लिहिण्याआधी, तयार फाइल मीडियाइन्फोमध्ये (फाइलच्या आत काय आहे ते दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा. ‘ऑडिओ’ हा विभागच नसेल तर आवाज गळलाय, कन्व्हर्टर बदला. विभाग आहे पण तिथे एएसी लिहिलंय, तर सेटिंगमध्ये आवाजाचा कोडेक एसी-३ निवडा आणि पुन्हा करा.

‘व्हीएलसीवर तर ऐकू येतं!’ येणारच. व्हीएलसी हे कॉम्प्युटरवर व्हिडिओ लावायचं सॉफ्टवेअर, ते स्वतःचे डीकोडर (कोडेक उलगडणारे भाग) बरोबर घेऊन फिरतं. त्यावरून टीव्हीखालच्या प्लेअरबद्दल काहीच सिद्ध होत नाही. आणि कृपा करून कोडेक पॅक (कोडेकचा तयार संच) टाकायचा सल्ला देऊ नका. तो तुमच्या कॉम्प्युटरवर बसतो, प्लेअरच्या चिपमध्ये नाही.

माझी निवड पक्की आहे: एसी-३, स्टिरिओ, १९२ केबीपीएस (सेकंदाला किती डेटा), ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने). एलपीसीएमही चालतं, पण स्टिरिओलाच १,५३६ केबीपीएस खातं आणि तेवढी जागा चित्राला कमी पडते. एमपी२ आपल्याकडच्या पाल (आपली टीव्ही पद्धत) प्लेअरवर चालून जातं. अमेरिकेतल्या नातेवाइकांना डिस्क पाठवायची असेल तर त्या वाटेला जाऊ नका, तिथल्या एनटीएससी (तिकडची टीव्ही पद्धत) प्लेअरना एमपी२ वाजवण्याचं बंधन नाही. ४४.१ की ४८ किलोहर्ट्झ, हा वाद मात्र फुकटचा: पहिला आकडा सीडीचा, दुसरा डीव्हीडीचा, आणि बरं सॉफ्टवेअर ते आपोआप बदलून घेतं.

हँडब्रेक हा कन्व्हर्टर उत्तम आहे, पण या कामाचा नाही. तो एमपी४, एमकेव्ही आणि वेबएम एवढंच देतो. डीव्हीडी तयार करणारं डीव्हीडीस्टायलर घ्या, फुकट आहे. पहिली डिस्क रीरायटेबल वापरा आणि ज्या प्लेअरवर ती लागणार आहे त्याच प्लेअरवर लावून बघा.