‘लोकल’ म्हणजे नेमकं कुठे?

बटणांच्या फोनमध्ये माहिती फोनातच राहायची, कारण तिला दुसरीकडे जायला फारशी वाट नव्हती. सिममध्ये साधारण अडीचशे नंबर बसत. फोन हरवला की नंबर गेले. 2011-12 च्या सुमारास क्लाउड सर्वसामान्यांच्या फोनवर आला आणि माहिती कंपन्यांच्या सर्व्हरवर जाऊ लागली. आता रोजनिशी, औषधांच्या वेळा, पाळीच्या तारखा, उधारी यांची काही ॲप्स पुन्हा सांगतात, ‘डेटा लोकल राहतो’. घोळ आहे तो याच शब्दात.

बेळगावच्या खडेबाजारातल्या एका दुकानदारांनी लाल वहीतली उधारी फोनवर घेताना विचारलं, “लोकल म्हणजे इथंच बेळगावात काय ओ?” प्रश्न रास्त होता, कारण कायद्याच्या चर्चेत हा शब्द जागेशीच जोडला गेला. ऑगस्ट 2017 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. एप्रिल 2018 मध्ये पैशांच्या ऑनलाइन व्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याचा रिझर्व्ह बँकेचा आदेश निघाला; सहा महिन्यांची मुदत होती. तो आजही लागू आहे. त्याच वर्षी जुलैत आलेल्या माहिती-संरक्षण कायद्याच्या मसुद्यात वैयक्तिक माहितीची किमान एक प्रत देशात ठेवण्याची अट होती. माहिती देशातच ठेवण्याच्या या अटींना नाव पडलं ‘डेटाचं स्थानिकीकरण’. पुढे 2019 चं विधेयक ऑगस्ट 2022 मध्ये मागे घेतलं गेलं, आणि ऑगस्ट 2023 च्या कायद्यात ती सरसकट अट उरली नाही: सरकार निर्बंध घालील ते देश सोडून माहिती बाहेर पाठवता येते.

पाच वर्षांचा हा वाद सर्व्हर मुंबईत असावा की सिंगापुरात, एवढ्याचाच होता. दोन्हीकडे गिऱ्हाइकांची नावं आणि उधारी कंपनीच्याच हाती. फोनमधल्या ‘लोकल’चा अर्थ अगदी वेगळा आहे: नोंद फोनमध्ये आणि कुलपाची किल्ली फोनवाल्याकडे. या दोन अर्थांची गल्लत कंपन्यांच्याच पथ्यावर पडली, असं माझं स्पष्ट मत आहे. सर्व्हर देशात आहे एवढ्यावर लोक निर्धास्त होतात.

फोनच्या आतही हा शब्द टिकत नाही. 2015 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 6 पासून ॲपचा डेटा, प्रत्येक ॲपमागे 25 एमबीपर्यंत, क्लाउड खात्यात आपोआप चढू शकतो. ॲप बनवणाऱ्याने नकार नोंदवला नसेल तर परवानगी धरली जाते. नकार नोंदवला आणि फोन विहिरीत पडला, तर उधारीही बुडाली.

एप्रिल 2020 मध्ये आलेल्या कोरोनाच्या सरकारी संपर्कशोध ॲपने, ‘आरोग्य सेतू’ने, मधली वाट काढली. नाव-नंबर सर्व्हरवर, कोण कुणाजवळ आलं याची नोंद मात्र फोनमध्ये.

नोंद आधी हातातल्या यंत्रातच ठेवण्याची ही रीत सीमाभागाला परकी नाही. 1928 मध्ये कर्नाटकच्या किनारपट्टीवर सुरू झालेली पिग्मी, म्हणजे एजंटाने रोज दारी येऊन गोळा करायची छोटी बचत, इकडच्या सोसायट्यांतही रुजली. एजंटाच्या हातातलं यंत्र दिवसभराचा भरणा स्वतःतच साठवतं, जागेवर पावती काढून देतं, आणि शाखेत परतल्यावर नोंदी उतरवून घेतल्या जातात. खानापूरच्या पुढे कणकुंबीच्या जंगलात रेंज गेली तरी या यंत्राचं अडत नाही. सर्व्हरवर विसंबलेलं ॲप तिथे गोल फिरत बसतं.

खडेबाजारातल्या दुकानदारांनी फोनातच राहणारं ॲप निवडलं. शनिवारी शटर ओढण्याआधी ते उधारीची फाईल मेमरी कार्डात घेतात आणि कार्ड गल्ल्यात लाल वहीशेजारी ठेवतात. त्या फाईलला पासवर्ड घालायची सोय मात्र ॲपमध्ये अजून नाही.