बिडाचं यंत्र, कथलाचं बेअरिंग

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकेत सुतारकामाची यंत्रं बनवणारे मोठे कारखाने होते: ओहायोतल्या लीटोनियाचा क्रेसंट, सिनसिनाटीचा फे अँड ईगन, मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सचा ऑलिव्हर. त्या काळातले जॉइंटर, म्हणजे लाकडाची धार आणि पाट सरळ करणारी रंधा यंत्रं, आजही भंगारातून, शेतावरच्या कोठारांतून बाहेर येतात. घेणारा आधी गंज बघतो, मग रंग बघतो. खरं तर या दोन्हींची काळजी सगळ्यात कमी करावी. बघायचं ते बेअरिंग.

यात गोळ्यांचं बेअरिंग नसतं. बिडाच्या घरात मऊ, पांढरट धातू ओतलेला असतो आणि पोलादी शाफ्ट थेट त्याच धातूवर फिरतो. या धातूला बॅबिट म्हणतात. आपल्याकडच्या कारखान्यांत व्हाइट मेटल. मॅसेच्युसेट्समधल्या आयझॅक बॅबिटने १८३९ साली अशा अस्तराच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. मिश्रण साधारण ८९% कथील, ७ ते ८% अँटिमनी आणि उरलेलं तांबं. दीड इंची शाफ्ट मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर त्याचा पृष्ठभाग सेकंदाला ८ मीटर वेगाने सरकतो. एवढा वेग आणि खाली नखाने ओरखडा उठेल असं अस्तर, हे ऐकून नवखा माणूस दचकतो. पण मऊपणा हाच या धातूचा गुण आहे. तेलाबरोबर आलेला कण अस्तरात रुतून बसतो, शाफ्टवर चरा पडत नाही. तेल संपलं तर आधी अस्तर वितळतं आणि महागडा शाफ्ट बहुधा वाचतो. शिवाय धातू सगळाच मऊ नसतो. तांबं आणि कथील मिळून झालेल्या कठीण सुया त्यात विखुरलेल्या असतात आणि त्या भार पेलतात.

खरं म्हणजे चालू यंत्रात शाफ्ट धातूला टेकतच नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हे अभियंते रेल्वेच्या धर्तीच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल घालायला त्यांनी वरून भोक पाडलं, तर तेल आत जायच्या ऐवजी त्यातून वर आलं. त्यांनी भोकात बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. मग दाबमापक जोडला, तर काटा २०० पौंड प्रति चौरस इंच या शेवटच्या आकड्याच्याही पुढे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार होता चौरस इंचाला फक्त १०० पौंड. फिरणारा शाफ्ट स्वतःच तेल पाचरीसारख्या फटीत ओढून घेतो आणि त्या दाबावर तरंगतो. याचं गणित ऑसबोर्न रेनल्ड्स यांनी १८८६ साली मांडलं.

दुरुस्तीतल्या निम्म्या चुका हे न कळल्यामुळे होतात. जॉइंटरची मोटर किंवा काउंटरशाफ्ट (मोटरचा जोर पट्ट्याने पुढे पोचवणारा मधला दांडा) सहसा खाली असतो. त्यामुळे पट्टा कटरहेडला, म्हणजे पाती बसवलेल्या फिरत्या भागाला, खाली ओढतो आणि भार खालच्या अर्ध्या भागावर पडतो. तेलाचं भोक आणि खाच वरच्या टोपीत, म्हणजे बेअरिंगच्या वरच्या अर्ध्या भागात, असते ती म्हणूनच. ‘तेल नीट पसरावं’ म्हणून कोणी खालच्या भागातही खाच कोरली, तर टॉवरच्या भोकासारखंच होतं: दाब तिथून निसटतो, शाफ्ट धातूवर बसतो आणि बेअरिंग तापतं. यंत्राची जागा बदलून मोटर वर किंवा बाजूला बसवली, तर भाराची बाजूही बदलते. तेव्हा आधी पट्टा कुठे ओढतो ते पाहायचं.

जुनं अस्तर दिसलं की लगेच वितळवायला घेऊ नये. टोपीचे बोल्ट पक्के आवळा, शाफ्टवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं माप) ठेवा आणि लाकडी पट्टीच्या तरफेने शाफ्ट वर उचला. शाफ्ट आणि अस्तर यांच्यात दर इंच व्यासाला एक हजारांश इंच खेळ, म्हणजे मोकळी जागा, असावा असा जुना ठोकताळा आहे. दीड इंची शाफ्टला तो ०.०४ मिलिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कमी. खेळ ०.१ मिलिमीटरच्या पुढे गेला असेल तर टोपीखालच्या पितळी किंवा कागदी शिममधून, म्हणजे उंची जुळवायच्या पातळ पत्र्यांमधून, दोन्ही बाजूंची सारख्या जाडीची एकेक पत्री काढा. बहुतेक यंत्रांचं काम इथेच भागतं. शिम काढल्यावर बोल्ट पुन्हा पूर्ण आवळायचे आणि कटरहेड हाताने सहज फिरतंय का ते पाहायचं. जड गेलं तर बोल्ट सैल करून जमवू नका. सैल टोपी थरथरते आणि अस्तर घरापासून सुटतं. एक पातळ शिम परत घाला.

अस्तर तडकलं असेल, टिचकी मारल्यावर बद्द वाजत असेल किंवा अस्तर आणि घर यांच्या फटीतून तेल झिरपत असेल, तर मात्र नवीन ओतावं लागतं. आधी टेबलाच्या मानाने शाफ्टची उंची दोन्ही टोकांना मोजून लिहून ठेवा. अस्तर वितळलं की ही खूण कायमची गेली. जुना धातू नव्यात मिसळू नका, कारण स्वस्त बॅबिटमध्ये तीन चतुर्थांश शिसं असू शकतं. ओळखायची सोपी रीत आहे. तुकड्याचं वजन हवेत करा, मग दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून करा. हवेतल्या वजनाला घटलेल्या वजनाने भागा. उत्तर ७.४ च्या आसपास आलं तर कथील, १० च्या आसपास आलं तर शिसं.

किती धातू लागेल? दीड इंची शाफ्ट, चार इंच लांब बेअरिंग आणि पाव इंच, म्हणजे दोन सूत जाडीचं अस्तर धरलं तर एका बेअरिंगला साधारण ६६५ ग्रॅम. दोन बेअरिंगचे सव्वा किलोहून थोडे जास्त, पण २ किलो हाताशी ठेवा. मध्येच धातू संपला तर वरून घातलेला थर खालच्याशी एकजीव होत नाही.

ओतताना खऱ्या कटरहेडऐवजी त्याच व्यासाचा, दोन्ही बेअरिंगमधून आरपार जाणारा साधा दांडा वापरा. तो मेणबत्तीच्या काजळीने काळा करा, म्हणजे धातू चिकटत नाही. बिडाचं घर धूर यायचा थांबेपर्यंत तापवा. बिडाच्या छिद्रांत वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं. मग घर आणि दांडा दोन्ही १०० ते १२० अंशांवर ठेवा. दांडा थंड राहिला तर धातू त्याला टेकताच गोठतो आणि अस्तरावर सुरकुत्या पडतात. धातू बाहेर गळू नये म्हणून कडा बंद करायला ओली माती कधीही वापरू नका. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १,७०० पट वाढतं, आणि ती वाफ वितळलेला धातू तोंडावर उडवते. चेहऱ्यावर पूर्ण ढाल, चामडी हातमोजे, बंद बूट, शिशाच्या वाफांसाठी योग्य मास्क आणि मोकळी हवा. यातलं एकही कमी असेल तर काम सुरू करू नये.

धातू ४२५ अंश सेल्सियसच्या आसपास ओततात. थर्मामीटर नसेल तर पाइनच्या कोरड्या काडीची जुनी कसोटी चालते. काडी दोनतीन सेकंद बुडवून काढा: तपकिरी-काळी झाली तर ठीक, नुसती कोमट राहिली तर धातू थंड आहे, पेटली तर फार गरम. ओतण्याआधी तळापासून ढवळा आणि वरची मळी काढून टाका. मग एकाच न तुटणाऱ्या धारेत ओता. आधी खालचा भाग, तो गार झाल्यावर शिम लावून टोपी.

यानंतरचं काम संथ आहे. शाफ्टला प्रशियन निळा रंग अगदी पातळ लावून तो अस्तरात फिरवायचा; जिथे निळा डाग उठतो तिथे धातू उंच आहे, तेवढाच खरवडायचा. तीन चतुर्थांश भागावर बारीक डाग सारखे पसरेपर्यंत हे चालू राहतं, आणि या कामात घाई केलेली पुढे लगेच दिसते. टोपीतली तेलाची खाच दोन्ही टोकांच्या आधीच थांबली पाहिजे, नाहीतर तेल बाहेर पळतं. खाचेच्या कडा गोल करा. धारदार कड तेलाचा थर पुसून टाकते. ग्रीस भरू नका, आयएसओ ३२ ग्रेडचं (ग्रेड म्हणजे तेलाच्या दाटपणाचा आकडा) टर्बाइन तेल घाला. पहिला अर्धा तास कटरहेड पात्यांशिवाय चालवून दर पाच मिनिटांनी यंत्र बंद करून टोपीला हात लावा. हात ठेवता आला पाहिजे. चटका बसला तर परत उघडून नवे चकाकते डाग कुठे पडलेत ते पाहा.

गंज आणि रंगाचं थोडक्यात सांगायचं तर सुटे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, लिटरला ५ ग्रॅम, ठेवून १२ व्होल्टचा वीजप्रवाह सोडावा, म्हणजे गंज सुटतो: ऋण टोक भागाला, धन टोक जुन्या साध्या लोखंडाला. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर करावं. टेबल ज्या खाचांवर सरकतं तिथे वाळूचा मारा करू नये. जुना रंग शिशाचा असू शकतो, तो कोरडा घासू नये.

एका भागाबाबत मात्र जुनं जपायचा आग्रह सोडावा, तो म्हणजे चौकोनी कटरहेड. चौकोनाच्या सपाट बाजू फिरताना टेबलाच्या कडेशी मोठी पोकळी उघडते, आणि लाकूड निसटलं तर बोटं थेट तिच्यात जातात. गोल कटरहेडमध्ये ही फट अरुंद राहते. त्या काळच्या कारखान्यांनीही म्हणूनच गोल हेड आणलं. टर्नरकडून त्याच मापाच्या शाफ्टचं गोल हेड करून घ्यायचं असेल तर ते बेअरिंग ओतण्याआधी करा, म्हणजे खरवडणी नव्या शाफ्टवरच होईल. पाती समोरासमोरची सारख्या वजनाची हवीत. सोनाराच्या काट्यावर तोलून जड पात्याची मागची कड घासा, धारेची बाजू नाही.