देवाशी व्यवहार : लोभावर उतारा ठरलेल्या भक्तीची पार्श्वभूमी

लोभाला ग्रंथांनी आधी धाक दाखवला. ईशोपनिषदाने पहिल्याच मंत्रात हाव धरू नकोस म्हणून बजावलं, गीतेच्या सोळाव्या अध्यायाने काम आणि क्रोधाबरोबर लोभालाही नरकाचं दार ठरवलं. पण बजावून हाव सुटते थोडीच! ययातीने मुलाचं तारुण्य मागून घेतलं, मनसोक्त भोगलं आणि शेवटी कबूल केलं की तूप ओतल्यावर आग भडकावी तशी वासना वाढतच जाते. बरं, उपास करूनही ती जात नाही. गीतेचाच दुसरा अध्याय सांगतो, उपाशी राहणाऱ्याचे विषय सुटतात, गोडी सुटत नाही. त्याहून थोर काही दिसलं तरच तीही सुटते.

भक्तिमार्गाने हा धागा उचलला. घरदार न सोडता मनाला दुसरी गोडी लावायची. भागवताचा सातवा स्कंध तर रोखठोक आहे. पोटाला लागेल तेवढंच आपलं, जास्तीवर हक्क सांगणारा चोर. त्याच स्कंधात नरसिंह 'वर माग' म्हणतो तेव्हा प्रल्हाद सुनावतो, मोबदल्याच्या आशेने देवाची सेवा करणारा सेवक नव्हे, वाणी. माझ्या मते या साऱ्या परंपरेतलं सर्वांत कडक वाक्य हेच. लोभ भक्तीतही शिरतो, हे त्याने ओळखलंय.

गोव्यात भागवत मराठीत आणलं ते केळशीच्या कृष्णदास शामांनी. दशम स्कंधावरची त्यांची रचना १५२६ची. केळशी-मडगावचा साष्टी हा भाग तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात जायचा होता. पुढे देवळं पाडली गेली, मडगावचा दामोदर हा देव जांबावली गावी हलवला गेला, पण भजन टिकलं.

अठराव्या शतकात सोहिरोबानाथ आंबिये झाले. पेडण्यातल्या सरकारी कॉलेजला आज त्यांचं नाव आहे. बांद्याचं कुळकर्णीपण करणारा हा माणूस. सावंतवाडी दरबारच्या बोलावण्यावरून निघाला असता इन्सुलीला वाटेत फणस फोडून बसला, तिथे आलेल्या साधूला त्याने गरे दिले आणि त्याचं आयुष्यच पालटलं, अशी आख्यायिका आहे. नंतर महादजी शिंद्यांसमोर 'अवधूत नहीं गरज तेरी' म्हणत ते उठून गेले, असंही सांगतात. दरबाराचं बोलावणं ते दरबाराला पाठ, एवढा हा प्रवास.

सगळेच काही सोहिरोबा नसतात. गोव्यातल्या वास्को शहराचा दामोदर सप्ताह सुरू झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, प्लेगच्या साथीत. लोकांनी जांबावलीच्या दामोदराला साकडं घातलं, नारळ आणला आणि अखंड भजन मांडलं. आजही श्रावणात देवापुढे श्रीफळ ठेवून चोवीस तास पाळीपाळीने भजन चालतं, पार म्हणजे गाण्याबजावण्याच्या मिरवणुका निघतात. बाहेर फेरीत, म्हणजे जत्रेच्या बाजारात, भांडीकुंडी, कपडे, खाजे यांची घासाघीस रात्रभर रंगते, ते वेगळंच! प्रल्हादाच्या मापाने पाहिलं तर सप्ताहाची सुरुवातच व्यवहाराची. तरी साथ सरून शतक उलटलं, आणि देणं फिटलं म्हणून भजन कुणी बंद केलेलं नाही.