हृद्रोहिणी विकार (इंदूरच्या संदर्भात)

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांच्या आतील अस्तरात मेदाचे थर साचून त्या हळूहळू अरुंद होण्याचा, आणि कधी अकस्मात बंद पडण्याचा विकार. बोलण्यात याला नुसते 'ब्लॉकेज' म्हणतात. होळकरांच्या राजवटीबरोबर माळव्यात आलेली आणि रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर या भागांत स्थिरावलेली इंदूरची मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हिंदीच्या शेजारी नांदत आली आहेत. त्यामुळे स्टेंट, म्हणजे अरुंद रोहिणी उघडी ठेवणारी बारीक जाळीदार नळी, बसवण्याला तेथे 'छल्ला टाकला' असेही सहज म्हटले जाते. विकार सर्वत्र एकच असला, तरी तो कशामुळे बळावतो आणि दुखण्याला घरात कोणते नाव दिले जाते, या गोष्टी गावागणिक बदलतात आणि उपचाराला उशीर होतो तो बहुधा या दुसऱ्या गोष्टीपायी.

महारोहिणीच्या मुळापासून दोन हृद्रोहिण्या निघतात. डावीला लगेच दोन फाटे फुटतात: एक हृदयाच्या पुढच्या भिंतीवरून खाली उतरतो, दुसरा मागे वळतो. उजवी रोहिणी मुख्यतः उजव्या बाजूला आणि खालच्या भिंतीला रक्त देते. या नळ्यांच्या अस्तराला उच्च रक्तदाब, तंबाखू किंवा मधुमेह यांनी इजा झाली, की रक्तातील एलडीएल (घातक मानले जाणारे) कोलेस्टेरॉल अस्तराखाली शिरते, त्याला गिळण्यासाठी पांढऱ्या पेशी जमतात आणि त्या जागी दाह धुमसत राहतो. ही प्रक्रिया तारुण्यातच सुरू होते. थराने नळीचा सुमारे 70 टक्के व्यास व्यापला, की श्रमाच्या वेळी रक्त कमी पडून छातीत दुखते आणि विश्रांती घेतल्यावर थांबते; हा हृद्शूल, म्हणजे अंजायना. हृदयविकाराच्या झटक्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. थरावरचे पातळ आवरण फाटते, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि नळी काही मिनिटांत बंद होते. असे फाटणारे थर पुष्कळदा मोठे नसतात, म्हणूनच ट्रेडमिल चाचणी चांगली आलेल्या माणसालाही पुढे झटका येऊ शकतो. तेव्हा तो अहवाल म्हणजे अभयपत्र नव्हे.

हृद्शूलाचे नेमके वर्णन इंग्रज वैद्य विल्यम हेबरडेन यांनी 1772 मध्ये प्रसिद्ध केले: चालताना, विशेषतः जेवणानंतर चढ चढताना, छातीत येणारी आणि थांबताच ओसरणारी घुसमट. त्यातला 'जेवणानंतर' हा तपशील इंदूरच्या वाचकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात खाऊन परतताना छाती भरून आली, तर घरातले पहिले निदान 'गॅस' हेच असते. मग ओवा, हिंग, सोडा, एखादी ऍसिडिटीची गोळी, आणि 'सकाळी बघू'. वस्तुतः खालच्या भिंतीच्या झटक्यात पोटाच्या वरच्या भागात दुखणे, मळमळणे आणि उलटी होणे ही नेहमीची लक्षणे आहेत. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात छातीत कळ न येता नुसती धाप, घाम, कमालीचा थकवा किंवा जबड्यात आणि पाठीत दुखणे एवढेच दिसू शकते. दरदरून घाम फुटून वीस मिनिटांनंतरही न थांबणारी अस्वस्थता पोटाची समजणे धोक्याचे आहे. ती पोटाची निघाली तरी एका ईसीजीपलीकडे नुकसान होत नाही.

कारणांबद्दल आज फारसा वाद उरलेला नाही. 52 देशांतील रुग्णांवर आधारलेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासाने दाखवले, की पहिल्या झटक्याचा बहुतांश धोका नऊ गोष्टींशी निगडित आहे. त्यांत रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण आणि धूम्रपान अग्रभागी होते. याच माहितीच्या पुढील विश्लेषणात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो असे आढळले. वजन बेताचे असूनही पोट सुटणे ही आपली खास खूण आहे, म्हणून भारतीय पुरुषांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर धरतात.

इंदुरी आहारात चोखंदळपणे पाहण्याची गोष्ट मीठ आणि तळण ही आहे. वाफेवर शिजवलेले पोहे तसे निरुपद्रवी. पण त्यांवर मूठभर शेव, जिरावण मसाला आणि सोबत जिलेबी आली, की न्याहारीचा हिशेब पालटतो. हिवाळ्यात तळलेला गराडू नावाचा कंद, एरवी कचोरी, आणि घरोघरी डब्यात भरलेले नमकीन, जे खाण्यात मोजले जातच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मिठाची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक छोटा चमचाभर आहे. चतुर्थीची तुपातली साबुदाणा खिचडी उपवासाची असली, तरी मधुमेही माणसाच्या रक्तातील साखरेला ते ठाऊक नसते.

झटक्याच्या उपचारात वेळ सर्वांत मोलाची, कारण रक्तपुरवठा तुटलेला स्नायू मिनिटामिनिटाने मरत जातो. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, रुग्णाला चालवत नेऊ नये, आणि ऍलर्जी किंवा रक्तस्रावाची तक्रार नसल्यास डॉक्टरांच्या सांगण्यावरून ऍस्पिरिनची सुमारे 300 मिलिग्रॅमची मात्रा चावून घ्यावी. रुग्णालयात दहा मिनिटांत ईसीजी व्हावा असा दंडक आहे. ट्रोपोनिन या रक्तचाचणीने स्नायूची हानी कळते. नळी पूर्ण बंद असल्यास तातडीची अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने नळी उघडणे, हा सर्वोत्तम उपाय आहे. दोन तासांत ती शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देऊन मग मोठ्या रुग्णालयात पाठवणे शहाणपणाचे ठरते. आसपासच्या तालुक्यांतून इंदूरला येणाऱ्यांसाठी हा मुद्दा निर्णायक आहे. त्या तालुक्यांतच नीट काढलेला पहिला ईसीजी हा शहरातल्या मोठ्या नावापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

फुग्याने नळी उघडण्याचा पहिला यशस्वी प्रयोग आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी 1977 मध्ये झुरिकमध्ये केला. त्याआधी 1967 मध्ये रेने फाव्हालोरो यांनी पायातील शीर वापरून बायपास शस्त्रक्रिया रूढ केली होती. भारतात फेब्रुवारी 2017 मध्ये स्टेंटच्या किमतीवर सरकारने कमाल मर्यादा घातली, तेव्हा त्या एकदम उतरल्या. झटक्याच्या वेळी स्टेंट जीव वाचवतो. स्थिर हृद्शूलात मात्र तो प्रामुख्याने दुखणे कमी करतो, आणि चांगल्या औषधोपचारापेक्षा आयुष्य वाढवत असल्याचे मोठ्या चाचण्यांत दिसलेले नाही. तिन्ही रोहिण्या (डावीचे दोन फाटे आणि उजवी) बाधित असलेल्या मधुमेही रुग्णांना बहुधा बायपास अधिक लाभतो. 'छल्ला टाकला, आता मोकळे' हा समज म्हणूनच चुकीचा आहे: एक जागा उघडली, विकार उरलाच.

पुढील व्यवस्थापन जन्मभराचे असते. जपानी संशोधक अकिरा एंडो यांच्या 1970 च्या दशकातील शोधातून आलेली स्टॅटिन औषधे एलडीएल घटवतात आणि थर स्थिर करतात. झटका येऊन गेलेल्यांत एलडीएल दर डेसिलिटरला 70 मिलिग्रॅमच्या खाली, शक्य झाल्यास 55 च्याही खाली, ठेवतात. रक्तदाबाचे लक्ष्य बहुतेकांसाठी 130/80 च्या खाली असते. झटक्यानंतर स्टेंट बसवला असल्यास रक्त गोठू न देणारी दोन औषधे साधारण वर्षभर चालतात, आणि दात काढायचा म्हणून ती स्वतःच्या मनाने थांबवल्यास स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. तंबाखू, बिडी आणि गुटखा पूर्ण बंद करावेत. धूम्रपान सोडल्यावर वर्षभरात वाढीव धोका सुमारे निम्म्यावर येतो. आठवड्यातून पाच दिवस तीस मिनिटे भरभर चालावे, मात्र माळव्याच्या कडाक्याच्या थंडीत पहाटे न निघता ऊन वर आल्यावर, कारण गारठ्याने रोहिण्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब चढतो. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, किंवा आईला वा बहिणीला पासष्टच्या आत झटका आला असेल, तर घरातील इतरांनी तरुणपणीच रक्तातील मेद, साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा.