बऱ्याच वर्षांनी पुन्हा रिंगमध्ये: ठाणे-नवी मुंबईच्या बॉक्सरांचे अर्ज कुठे अडतात

वर्तकनगरचा एक गडी, वय बत्तीस. २०१९ नंतर रिंगमध्ये उतरलेला नाही. आधी वडिलांचं आजारपण, मग लॉकडाऊन, मग नोकरी आणि लग्न. गेल्या वर्षी त्याने पहाटे उपवन तलावाच्या बाजूने धावायला सुरुवात केली, अकरा किलो उतरवले, जुन्या कोचकडे जाऊन पुन्हा बॅगवर हात चालवले. निवड चाचणीच्या सकाळी वजनकाट्यावर तो बरोबर बसला आणि कागदांच्या टेबलावरून परत आला. आधार कार्ड होतं, फोटो होते, दहावीचा दाखला होता. शेवटच्या लढतीत तो कसा हरला आणि त्यानंतर कुठल्या डॉक्टरने त्याला पुन्हा खेळायला मोकळं केलं, याचा कागद तेवढा नव्हता.

अशी माणसं मी दर हंगामात पाहतो. अंगात दम असतो, पण मधल्या वर्षांचा हिशेब कागदावर नसतो आणि टेबलावरचा माणूस नेमका तोच मागतो. कुठला कागद आधी शोधायचा हे कुणी वेळेवर सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

हे सगळं हौशी बॉक्सिंगबद्दल आहे, म्हणजे जिल्हा, राज्य, राष्ट्रीय या वाटेने जाणाऱ्या खेळाबद्दल. व्यावसायिक लढतींचे परवाने आणि नियम वेगळे. जॉर्ज फोरमन दहा वर्षं बाहेर राहून परतला आणि १९९४ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा जगज्जेता झाला, हे उदाहरण हमखास कुणीतरी देतं. ते खरं आहे, पण ते व्यावसायिक बॉक्सिंग. इथे त्याचा उपयोग नाही.

अर्जाची वाट सरळ आहे. क्लब, मग जिल्हा संघटना, मग महाराष्ट्र बॉक्सिंग असोसिएशन, मग बॉक्सिंग फेडरेशन ऑफ इंडिया. एकट्याने थेट वर अर्ज पाठवता येत नाही. अडचण एवढीच की पाच-सात वर्षांत जुना क्लब बंद पडलेला असतो, किंवा चालू असला तरी जिल्ह्याशी संलग्न राहिलेला नसतो. नवीन ठिकाणी फी भरण्याआधी चालू वर्षाचं संलग्नतेचं पत्र बघायला मागा. जिममध्ये बॅग टांगलेली आहे आणि बाहेर बॉक्सिंगचा बोर्ड आहे, एवढ्यावर तुमची एंट्री जात नाही. घोडबंदर रोडला वर्षभराचे पैसे भरून बसलेल्या दोन मुलींना हे आयत्या वेळी कळलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

वय: वाढदिवस बघू नका, साल बघा

एलिट म्हणजे खुल्या गटात वय १९ ते ४०. हे वय जन्मसालावरून धरतात. स्पर्धेच्या सालातून जन्मसाल वजा करा, आलेला आकडा तुमचं वय. स्पर्धा २०२६ मधली असेल तर १९८६ चा जन्म चालतो, १९८५ चा चालत नाही, मग वाढदिवस ३१ डिसेंबरला का असेना. ‘अजून मला एकेचाळीस लागलं नाही’ हे वाक्य मी कितीदा ऐकलंय, आणि दर वेळी समोरच्याला समजावताना जीव तुटतो, कारण तो माणूस वर्षभर घाम गाळून आलेला असतो. मेरी कोमसुद्धा यातून सुटली नाही. २००७ मध्ये जुळी मुलं झाल्यावर ती परतली आणि २००८ मध्ये पुन्हा जागतिक सुवर्ण जिंकली. २०१३ मध्ये तिसरा मुलगा झाला आणि २०१४ मध्ये इंचॉनला आशियाई स्पर्धेचं सुवर्ण आणलं. एवढं करूनही तिचं जन्मसाल १९८२, आणि चाळिशीचा नियम तिलाही लागू झालाच.

याच हिशेबाची दुसरी बाजू पोरवयात सोडून गेलेल्यांची. सोळाव्या वर्षी ज्युनिअरला राज्यपदक घेतलं, दहावी-बारावीसाठी थांबले, आता एकविसाव्या वर्षी परत आले. तुम्ही थेट एलिटमध्ये. जुनं पदक नोंदणीला आधार म्हणून जोडा, पण त्यावर थेट प्रवेश मिळत नाही. आणि एक गोष्ट अर्जात कुठेच लिहिलेली नसते, पण मी सांगितल्याशिवाय राहणार नाही: एलिट पुरुषांच्या लढतीत २०१३ पासून हेडगार्ड, म्हणजे डोक्याचं संरक्षक कवच, नाही. तुम्ही आजवरची प्रत्येक लढत हेडगार्ड घालून खेळलेली असते. फॉर्मवर सही करण्याआधी कोचच्या नजरेखाली याची सवय करा. महिलांच्या गटात हेडगार्ड आहे, पण तिथे फेऱ्या बदलल्या. पूर्वी दोन-दोन मिनिटांच्या चार असायच्या, आता पुरुषांसारख्याच तीन-तीन मिनिटांच्या तीन. दहा वर्षांनी परतणाऱ्या ताईंनो, जुन्या दमावर भरवसा ठेवू नका.

वजनगटही तेच राहिलेले नाहीत. वर्ल्ड बॉक्सिंग या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२५ मध्ये नवे गट लावले: पुरुषांसाठी ५०, ५५, ६०, ६५, ७०, ७५, ८०, ८५, ९० आणि ९० च्या वर, महिलांसाठी ४८, ५१, ५४, ५७, ६०, ६५, ७०, ७५, ८० आणि ८० च्या वर. म्हणजे तुमच्या जुन्या प्रमाणपत्रावरचा ६९ किंवा ६४ किलोचा गट आता अस्तित्वातच नाही. फॉर्मवर जुना आकडा लिहू नका, चालू परिपत्रकातला लिहा.

तुमचा जिल्हा कुठला?

प्रश्न साधा वाटतो, पण आपल्या भागात सगळ्यात जास्त अर्ज इथेच परत येतात. ‘नवी मुंबई’ असा जिल्हा नाही. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात. बेलापूरनंतरचं पुढचं स्टेशन खारघर, ते मात्र रायगड जिल्ह्यात. कामोठे, कळंबोली, पनवेल, उलवेसुद्धा रायगडात. लोक पत्त्यात सर्रास ‘नवी मुंबई’ लिहितात, वाशीच्या क्लबमध्ये सराव करतात आणि ठाण्याच्या चाचणीला येतात. मग आधारवरचा पिनकोड आणि तालुका बघून त्यांना रायगडकडे बोट दाखवलं जातं, आणि तोवर तिकडची चाचणी कधीकधी उरकलेली असते. क्लब कुठे आहे ते एक, तुम्ही राहता कुठे ते दुसरं. दोन्ही वेगळ्या जिल्ह्यांत असतील तर हंगाम सुरू होण्याआधी दोन्ही जिल्हा संघटनांना लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. फोनवरचं ‘हो हो, चालेल’ चाचणीच्या दिवशी कामाला येत नाही.

दुसरा घोळ त्याहून जुना. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. वसई, विरार, नालासोपारा, डहाणूच्या ज्या खेळाडूंनी त्याआधी ठाणे जिल्ह्याकडून पदकं घेतली, त्यांची प्रमाणपत्रं ठाण्याची आणि घर पालघरचं. प्रमाणपत्र खोटं ठरत नाही, पण एंट्री पालघरमधून जायला हवी. जुन्या प्रमाणपत्रासोबत राहण्याच्या पुराव्याची प्रत लावा आणि जिल्हा का बदलला याच्या दोन ओळी अर्जात स्वतः लिहा. टेबलावरच्या नव्या मुलाला हा इतिहास माहीत असेलच असं नाही, आणि त्याला शंका आली की तो अर्ज बाजूला ठेवतो. मी कितीदा सांगून पाहिलं की असा अर्ज बाजूला ठेवण्याऐवजी समोरच्याला विचारा. अजून तसं होत नाही, त्यामुळे तुमच्या बाजूने कागद चोख ठेवा.

नावाचंही असंच. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव आणि सगळी प्रमाणपत्रं माहेरच्या नावाची. विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा, आणि राज्य पातळीच्या पुढे जायचं असेल तर राजपत्रात नावबदल करून घेतलेला बरा. तो अर्ज ऑनलाइन होतो, पण प्रसिद्ध होऊन यायला वेळ जातो, म्हणून तो सरावाच्या पहिल्याच महिन्यात टाका. अर्ज भरल्यानंतर आणि चाचणीआधी मधेच आधार दुरुस्त करू नका. दोन कागदांवर दोन नावं दिसली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

शेवटची लढत

आता त्या वर्तकनगरच्या मुलाकडे. डोक्यावर मार बसून लढत थांबली की सक्तीची विश्रांती असते: एकदा झालं तर किमान ३० दिवस, तीन महिन्यांत दोनदा झालं तर ९० दिवस, बारा महिन्यांत तीनदा झालं तर वर्षभर. त्या काळात स्पारिंग, म्हणजे सरावाची लढतही नाही. शुद्ध हरपली असेल तर मुदत आणखी वाढते. लोकांना वाटतं, सहा वर्षं घरी बसलो, म्हणजे ३० दिवस केव्हाच संपले. दिवस संपतात, पण विश्रांतीनंतर डॉक्टरने तपासून परवानगी दिल्याची नोंद आपोआप होत नाही. ती नोंद नसेल, तर कागदावर तुम्ही आजही थांबलेलेच आहात. हा नियम मला जाचक वाटत नाही. डोक्याचा मार बाहेरून दिसत नाही आणि सहा वर्षांत काय झालं ते फक्त तुम्हाला माहीत असतं.

ही नोंद रेकॉर्ड बुकात, म्हणजे तुमच्या लढतींच्या नोंदवहीत असते आणि रेकॉर्ड बुक कुणाकडेच नसतं. घर बदलताना गेलं, पावसात भिजलं, कोचकडे राहिलं. हरवलं असेल तर ज्या स्पर्धेत शेवटचे खेळलात तिथला निकालाचा कागद शोधा. आयोजक संघटनेच्या सचिवाला तारीख, वजनगट आणि प्रतिस्पर्ध्याचा जिल्हा कळवून लेखी मागणी करा. लढत गुणांवर हरलात की आरएससी (पंचाने मधेच थांबवलेली लढत) होती, हे त्या कागदावर दिसलं पाहिजे. मग तो कागद घेऊन डॉक्टरकडे जा, म्हणजे डॉक्टरला काय तपासायचं ते कळेल. कोर्टनाक्यावर नोटरीकडून ‘मी पूर्णपणे तंदुरुस्त आहे’ असं प्रतिज्ञापत्र करून आणणारे दरवर्षी भेटतात. त्याचे पैसे वाया जातात. तुमच्या तंदुरुस्तीची शपथ तुम्ही घेऊन चालत नाही.

वैद्यकीय प्रमाणपत्रावर ‘फिट’ एवढा एक शब्द असेल तर ते परत येणार. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक, शिक्का, तारीख आणि काय काय तपासलं ते त्यावर हवं: रक्तदाब, हृदय व ईसीजी, डोळे, मेंदू व मज्जासंस्था, आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी या रक्तचाचण्या. फार आधी काढून ठेवू नका, जुनी तारीख चालत नाही. किती जुनी चालते ते त्या वर्षीच्या परिपत्रकात बघा. चष्मा घालवायला मधल्या वर्षांत लेझर केलं असेल तर ते डॉक्टरला आधी सांगा. पोलीस भरतीसाठी अनेकांनी ते केलेलं असतं आणि विसरलेलंही असतं. बॉक्सिंगच्या वैद्यकीय नियमांत डोळ्यांच्या शस्त्रक्रियेकडे फार कडक नजरेने बघतात, आणि ते तुमच्या डोळ्यांसाठीच आहे. महिला बॉक्सरना गरोदर नसल्याचं निवेदनही सही करून द्यावं लागतं. त्यात संकोच मानू नका.

शिवाय लढतीच्या दिवशी सकाळी रिंगचा डॉक्टर पुन्हा तपासतो. ताप, न भरलेली जखम, चढलेला रक्तदाब, यातलं काहीही असेल तर हातातलं प्रमाणपत्र कितीही चांगलं असलं तरी त्या दिवशी खेळता येत नाही.

पोलीस, रेल्वे किंवा सैन्यदलात असाल तर खात्याचं ना हरकत प्रमाणपत्र आधी घ्या. या खात्यांचे स्वतःचे संघ असतात, त्यामुळे जिल्ह्याकडून खेळायची परवानगी गृहीत धरू नका.

राष्ट्रीय पातळीवर खेळून गेलेल्यांसाठी एक सहा महिन्यांची अट आहे आणि ती नेहमी चुकीची वाचली जाते. तुम्ही उत्तेजक चाचणीच्या नोंदणीकृत यादीत असताना निवृत्त झाला असाल, तर परतण्याआधी आंतरराष्ट्रीय महासंघाला आणि नाडाला (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेला) सहा महिन्यांची लेखी सूचना द्यावी लागते, आणि त्या सहा महिन्यांत चाचणीसाठी हजर राहावं लागतं. सहा महिने मोजायचे ते लेखी सूचनेपासून. सराव कधी सुरू केला याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि निवृत्तीचं पत्र कधी दिलंच नसेल, नुसतं यायचं बंद केलं असेल, तर तुम्ही यादीत तसेच राहिलेले असू शकता. यादीतल्यांना आपण कुठे आहोत ते कळवत राहावं लागतं; ते न कळवल्याच्या चुका बारा महिन्यांत तीन झाल्या की बंदी येते, अंगात काही सापडलेलं नसलं तरी. आशियाई पदकविजेती परवीन हुडा हिला २०२४ मध्ये याच कारणाने निलंबन मिळालं आणि पॅरिस ऑलिंपिकसाठी तिने मिळवलेली जागा गेली. म्हणून नाडाला आज पत्र लिहून आपली स्थिती विचारा. पोच जपून ठेवा.

त्या वर्तकनगरच्या मुलाने उल्हासनगरच्या एका निवृत्त पंचांच्या घरी पेटीतून २०१९ चा निकालाचा कागद शोधून काढला. दुसरी फेरी, आरएससी, विश्रांती ३० दिवस. तो कागद दाखवून त्याने मेंदूच्या डॉक्टरकडून तपासणी करून घेतली आणि लेखी परवानगी आणली. या वेळी त्याने फाईल चाचणीच्या तीन आठवडे आधीच जिल्ह्याकडे दिली आणि प्रत्येक पानावर पोच घेतली.