वाऱ्याची वीज: कुठली आणि कधीची?

जूनमध्ये मरीन ड्राइव्हवर छत्र्या उलट्या व्हायला लागल्या की मुंबईत कोणीतरी विचारतंच: एवढा वारा फुकट जातोय, मग टॉवरच्या गच्चीवर पवनचक्क्या का नाही बसवत? प्रश्न रास्त आहे.

पवनऊर्जेचं गणित वेगाच्या घनावर चालतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की मिळू शकणारी शक्ती आठपट होते. निम्मा झाला की उरतो आठवा हिस्सा. शहरात वारा इमारतींवर आपटतो, त्याचे भोवरे होतात, दिशा सतत बदलते. पात्यांना हवा असतो सलग, एका दिशेने येणारा वारा. शिवाय गच्चीवर मावणारी पाती लहान, त्यामुळे त्यांच्या कवेत येणारा वाराही थोडाच. त्यातही मर्यादा आहे. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी दाखवून दिलं, की वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांहून जास्त ऊर्जा कुठलीही पवनचक्की काढून घेऊ शकत नाही. सगळी काढून घ्यायची तर वारा पात्यांमागे थांबायला हवा, आणि तो तिथेच थांबला तर मागून येणाऱ्याला वाट कुठली?

म्हणून वारा पकडायचा तो सह्याद्रीच्या माथ्यावर. साताऱ्याजवळची चाळकेवाडी, पाटणजवळचं वनकुसवडे ही पठारं त्यासाठीच निवडली गेली. जून ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा तिथे जोरात वाहतो. नेमक्या याच महिन्यांत आभाळ भरलेलं असतं आणि सौरऊर्जा मंदावते. सूर्य झाकलेला असताना वारा कामाला येतो, हा मला पवनऊर्जेचा सर्वांत मोठा फायदा वाटतो. कार्बनचा हिशेबही तिच्या बाजूने आहे. यंत्र बनवण्यापासून मोडीत काढेपर्यंतचं सगळं धरलं तरी एका युनिटमागे साधारण ११-१२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. कोळशाच्या विजेला तोच आकडा ८२० ग्रॅमच्या आसपास. थंड करायला पाणी लागत नाही, ते वेगळंच.

अडचण येते ऑक्टोबरमध्ये. मोसमी वारा परतलेला असतो, मुंबई घामाने निथळत असते, घरोघरी एसी सुरू असतात. दुपार सौर विजेवर निभावते, संध्याकाळी काय? रायगड जिल्ह्यातल्या भिरा इथे १५० मेगावॅटचा उदंचन संच आहे. वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, गरज पडली की तेच खाली सोडून वीज करायची. पण असा साठा तासांचा असतो. जुलैचा वारा ऑक्टोबरसाठी राखून ठेवता येत नाही, त्यामुळे दुसरी सोय तयार ठेवावीच लागते आणि तिचा खर्चही धरावा लागतो.

आता त्या पठारांबद्दल. मुंबईतून पाहिलं तर हे सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची खडकाळ पठारं, ओसाड वाटतात. जीवशास्त्रज्ञ मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी चाळकेवाडीच्या पठारावर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी आढळले. परिणाम तिथेच थांबला नाही. गळ्याखाली रंगीत पंखा उघडणारे सरडे त्या भागात वाढले, कारण त्यांना खाणारे कमी झाले होते. माणूस जवळ गेला तरी ते लवकर पळत नव्हते, त्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी होतं आणि नरांच्या गळ्याचे रंगही फिके होते. अन्नसाखळीच्या टोकाला बसलेला शिकारी हटवावा, तसा परिणाम या यंत्रांनी साधला होता. पात्यांना धडकून मेलेले पक्षी मोजता येतात. आकाशच सोडून गेलेल्या पक्ष्यांची नोंद सहसा कुणी ठेवत नाही.

यावरून पवनचक्क्या नकोत असं मी म्हणणार नाही. कोळशाची राख आणि धूर ज्यांच्या वाट्याला येतो तेही या हिशेबात आहेत. पण नवा सडा खोदण्याआधी जुन्या जागा पाहाव्यात. आपल्याकडे चांगल्या वाऱ्याच्या अनेक जागा जुन्या, कमी क्षमतेच्या यंत्रांनी अडवल्या आहेत. तिथे थोडीच पण उंच, मोठी यंत्रं बसवली तर त्याच पठारावर जास्त वीज मिळते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये यासाठी सुधारित धोरणही आणलं. काम सोपं नाही: साठ-सत्तर मीटरचं पातं घाटाच्या वळणांवरून वर न्यायचं, अनेक मालकांची यंत्रं एकत्र बदलायची, आणि काढलेल्या फायबरग्लासच्या पात्यांचं काय करायचं तेही आधीच ठरवायचं, कारण ती सहजी वितळवून पुन्हा वापरता येत नाहीत.